तांदळात पुसलेलं नाव

आज सकाळपासून घरभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा खरपूस वास आहे. तुम्हा दोघा नातवंडांना पाठवायची चटणी मी अजूनही उखळातच कुटते, आणि कुटता कुटता, ओवी, तुझा प्रश्न पुन्हा ऐकू येतो : "आजी, तुला कोणी हाक मारली?"

तुमच्याकडे परदेशात, लायडनला आले होते त्या महिन्यात कालव्याच्या पाण्यावर भर दुपारीही संध्याकाळसारखा फिकट उजेड रेंगाळायचा, आणि त्या उजेडात एक नाव माझ्या मागे लागलं होतं. पहिल्याच दिवशी ते एका हिरव्या होडीवर रंगवलेलं दिसलं, मग केस कापायच्या दुकानाच्या पाटीवर, मग गल्ल्यावर बसलेल्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर. अनिता. दर वेळी मी चष्मा पुसून खात्री करून घेतली. जिथे मला कोणी ओळखत नव्हतं, तिथे कोणीतरी माझ्या आधी पोहोचून वाट पाहत थांबल्यासारखं वाटायचं.

तुम्हाला आजीचं नाव सुमती एवढंच ठाऊक. पण जेऊरला, माहेरी, वीस वर्षं मी अनिता होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुमच्या आजोबांनी त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि कोणीतरी हात फिरवून ते तांदूळ डब्यात भरले. रीतच होती, राग आल्याचं आठवत नाही.

दोन महिन्यांनी माझे बाबा पहिल्यांदा सोलापूरला आले. मी आत अशीच चटणी कुटत होते. दारातूनच त्यांनी सवयीने हाक मारली, "अनिता..."

सासूबाई हसत म्हणाल्या, "इथं अनिता कुणी नाही हो. घर चुकलात की काय?"

मला ओ द्यायची होती. पण ऐकूच आलं नाही असं वाटावं म्हणून मी अधिकच जोराने कुटत राहिले. मग बाबा म्हणाले, "चुकलंच की माझं. सुमतीबाईंना सांगा, जेऊरचा पाहुणा आलाय."

त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. नुसतं 'बाळ' म्हणायचे, शेवटच्या आजारातसुद्धा.

म्हणून तुमच्या शाळेच्या फाटकाशी कुणा आईने आपल्या मुलीला त्या नावाने बोलावलं, तेव्हा पन्नास वर्षं घशात राहिलेली ओ माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेली. माणसं वळून पाहू लागली. ती मुलगी धावत आईकडे गेली. ओवी, तू विचारलंस, आणि मी म्हणाले, "कोणी नाही, बाळ."

ते खरं नव्हतं. हाक मलाच होती, आणि मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले.

चटणी अजून अर्धीच झाली आहे, तरी हात थांबवून हे लिहायला बसले आहे. पुढचं दार उघडं ठेवलं आहे. घर इतकं शांत आहे, की बाहेरून कोणी हाक मारली तर ऐकू येईल.