थोरलीच्या भुवया

भावाचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर गणित घेत होते. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन उचलला. "ताई, आत्या गेली गं. चहा पिता पिता..." मला खरंच वाटेना. आठच दिवसांपूर्वी ती शहरात, गारखेड्यात माझ्याकडं राहून गेली होती. निघताना माझ्या आमटीला नावं ठेवली, गेटवरच्या वॉचमनला मळक्या शर्टावरून झापलं, मग त्याच्याच हातावर दोन लाडू ठेवले आणि रिक्षात बसली. आमच्या द्वारकाआत्याचं असंच होतं. आधी झाप, मग लाडू.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती देवगाव रंगारीला माहेरी आली ती कायमची. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, थोरली आणि धाकटी. त्यांना साडी नेसवायचा मान सवाष्णींचा. त्यामुळं आत्या ते तीन दिवस चुलीपुढंच. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं तिच्या हातचं, पण देवीपुढं जायचं नाही. तिला तसं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते ठरूनच गेलेलं होतं.

मी सहावीत असताना मुखवट्यांचा रंग उडाला होता. आई म्हणाली, तुझी चित्रकला बरी आहे, तूच डोळे रेख. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला काळा ऑइलपेंट होता, तोच मी घेतला. धाकटी झकास जमली. थोरलीच्या भुवया काढताना मात्र हात हलला आणि दोन्ही भुवया नाकाकडं खाली आल्या. पुसायला गेले तर त्या आणखीच जाड झाल्या. जमलेल्या बायका म्हणाल्या, "अगं बया, ही तर खाऊ का गिळू बघती!" आई रडकुंडीला आली. तेव्हा आत्या चुलीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आली, बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "ऱ्हाऊ द्या गं. धाकटी हसती की आल्या-गेल्याला. घरात एक तरी डोळे वटारणारी नको व्हय?" झालं, थोरली कायमची रागीट राहिली.

माझ्या बारावीच्या वर्षी दादांनी, म्हणजे वडिलांनी, महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाहुणे बोलावले. मला बघायला. मुलगा चांगला होता, शेती होती... आणि आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नव्हतं, तर मीच कशाला चढायची? पंगत बसली. आत्या आंबिलीचं पातेलं घेऊन बाहेर आली, थेट देवीसमोर. थोरलीच्या शेजारी उभी राहून वाढता वाढता म्हणाली, "पोरगी अजून शिकणार हाय. तुमी पोटभर जेवून जावा." आवाज चढवला नाही की कुणाला बोल लावला नाही. पाहुणे जेवले, आंबील दोनदा मागून घेतली आणि गेले. दादा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या जूनमध्ये शहरातल्या कॉलेजात माझं नाव घालायला तेच आले.

हॉस्टेलवर दर पंधरा दिवसांनी आत्या एसटीनं यायची. पायरीवर बसवून माझ्या डोक्याला तेल लावायची. विळ्यानं, खुरप्यानं घट्टे पडलेला हात, पण केसांत इतका अलगद फिरायचा की माझ्या मैत्रिणी रांग लावायच्या. पदवीचा निकाल लागला तेव्हा मी तिला वेरूळला नेलं. लेण्यात रेड्याला लोळवणाऱ्या देवीपुढं ती बराच वेळ थांबली. म्हणाली, "रेडा आडवा केलाय, पण तोंडावर राग हाय का बघ. नुसतं काम चाललंय तिचं." आजही दहावीनंतर लग्नासाठी मुलीचं नाव शाळेतून काढायला कुणी बाप येतो, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून मी त्याला खुर्ची देते, चहा सांगते आणि दाखला देत नाही. त्या वेळी ते वाक्य माझ्या डोक्यात असतं.

शेवटच्या भेटीत मी तिला विचारलं, "आत्या, थोरलीला साडी नेसवावी असं तुला कधी वाटलं नाही?" ती भाजी निवडत होती. "लई वाटायचं," एवढंच म्हणाली... आणि मेथी कशी निबर आणलीस म्हणून मला परत बोलली. शिकून-सवरून मी इतकी वर्षं हे विचारलंच नव्हतं. ते मला लागून राहिलंय.

यंदा सुतक फिटल्यावर देवगावच्या घरी महालक्ष्म्या आल्या. पेटीतून मुखवटे काढले तर थोरलीच्या भुवया फिकट झालेल्या. भावजय सुनीता म्हणाली, "ताई, या वर्षी सरळ काढा की." मी पोळ्याचा काळा रंग घेतला आणि होत्या तशाच, नाकाकडं खाली उतरवल्या. या वेळी हात हलला नाही. मग पिशवीतून आत्याची जांभळी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी काढली आणि थोरलीच्या निऱ्या घालायला लागले. सुनीता दचकली. हळूच म्हणाली, "विधवेची साडी... चालंल का, ताई?"

मी म्हटलं, "मला काय विचारतीस? हिला विचार."

सुनीतानं वर बघितलं. थोरलीनं डोळे वटारलेले होतेच. क्षणभर दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग सुनीता फिस्सकन हसली, खाली बसली आणि पदराला लावायला तिनं टाचणी माझ्या हातात दिली.