शर्मिष्ठेचं बारसं

नोकरीच्या मुलाखतीला निघालेली अमरावतीची पोरं आधी राजापेठेत भगवंत सरांच्या ‘शुद्ध वाणी’ वर्गात जीभ घासून घेत. सर त्यांच्या तोंडापुढे आरसा धरत आणि ‘श’ला जीभ कुठे टेकते, ‘ष’ला कुठे, ते दाखवत. स्वतः सर शेंदूरजनाघाटचे, संत्र्यांच्या बागेत वाढलेले. पण बोलण्यावरून ते कुणी ओळखून दाखवावं!

लहानपणी मात्र या माणसाला बोलणंच येत नव्हतं. शाळेचं वय झालं तरी तोंडून शब्द फुटेना. थोरली बहीण शकुन त्याला कडेवर घेऊन बागभर फिरायची, पान दाखवायची, पाखरू दाखवायची, तेच तेच म्हणायची. तिनंच त्याला बोलतं केलं. आता ती अकोल्याला भाजी विकते.

सरांना उशिरा मुलगी झाली. नाव ठरलं शर्मिष्ठा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि तिथेच सरांची झोप उडाली. पोरीच्या कानात पहिल्यांदा नाव जाणार, तेही ‘सर्मिस्टा’? त्यांनी फोनवरून बहिणीची शिकवणी लावली. शकुन वांगी तोलता तोलता घोकत राहिली. जीभ काही वळेना.

"भगवंता, लेकराले काय समजते रे?"

"पहिला संस्कार असतो, ताई."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा. बारशाला सरांनी तोड काढली. स्वतःच्या आवाजात नाव मोबाइलमध्ये भरलं आणि मोबाइल शकुनच्या हाती दिला. आत्यानं तो नुसता बाळाच्या कानाशी धरायचा. रीतही राहते, उच्चारही. शकुननं धरला. बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालायचंही विसरल्या. वर्गातल्या पोरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

मग सरांच्या बायकोनं, रूपालीनं, आत्याच्या मानाचं लुगडं पुढे केलं. शकुननं त्याची घडी मोडली आणि पाळण्याशी ठेवलेल्या मोबाइलवर ते पांघरलं.

"ज्यानं नाव ठेवलं, त्याले नेसव," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

सगळ्या पाहुण्यांदेखत सर अनवाणी दाराबाहेर धावले.

"वं ताई, कावून चालली?"

शकुन वळली. डोळे भरले होते तिचे.

"‘का चाललीस गं’ म्हणा, सर."