तिसऱ्या बरणीतली मतं

दोह्यात खिडकी कितीही घट्ट लावा, सकाळी टेबलावर वाळूची पातळ साय धरलेली असतेच. ऑफिसातले किस्से तसेच साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण काही वर्षांनी सहज हात फिरवला की बोटाला लागतात!

आमचं ऑफिस तेव्हा दोह्याजवळच्या लुसैलमध्ये, साइटवरच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये होतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप अजून लांब होता. खिडकीतून क्रेन दिसायच्या आणि आम्ही ज्या रस्त्यांची ड्रॉइंग्ज तपासत होतो, ते रस्ते अजून कागदावरच होते. त्या साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, आणि आमच्या अख्ख्या कॅबिनमध्ये तिकडचा मतदार एकच. वॉल्टर. साठीला टेकलेला, ताडमाड उंच, ड्रेनेजमधला जाणकार. निम्मं आयुष्य गल्फमध्ये काढलेला.

पुण्याच्या जोगळेकरांनी त्याला चहाच्या वेळी विचारलं, "वॉल्टर, या दोघांतला कोण?"

"तिसरा."

"तिसरा पण असतो?"

"नेहमी असतो. तुम्ही विचारत नाही."

झालं! जोगळेकर आमचे प्लॅनिंग इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत कॉफीच्या तीन रिकाम्या बरण्या मांडल्या. पहिला उमेदवार, दुसरा, तिसरा. प्रत्येकाने एक टी-बॅग टाकायची. वाटलं तर मागाहून आपली बॅग काढून दुसऱ्या बरणीत टाकायची. जोगळेकरांचा ओपिनियन पोल!

मी म्हटलं, "अहो, पण आपल्याला कुठे मत आहे? अमेरिकेत नाही, इथे नाही, आणि भारतात द्यायचं तर विमानाने जाऊन रांगेत उभं राहायला हवं."

"म्हणूनच तर! ज्याला मतच नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस सापडेल का तुम्हाला?"

आठवडाभरात तिसरी बरणी काठोकाठ भरली. त्या तिसऱ्याचं नावसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं, पण उरलेल्या दोघांवर सगळेच वैतागलेले. जोगळेकर खूश. "वॉल्टर, तुमचा माणूस येतोय!"

वॉल्टरने मानही वर केली नाही. "उन्हाळा आहे. उन्हाळ्यात तो सगळ्यांना आवडतो. थंडी पडली की लोक आपापल्या घरी परततात."

कोपऱ्यात आमचा सर्व्हेअर बालाजी चहा पीत होता. लातूरकडचा, दोह्यातल्या नजमा वस्तीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा. तो हळूच मला म्हणाला, "आमची थंडी कवा पडायची, मॅडम?"

*

वॉल्टरने आपला अमेरिकेचा मोबाइल नंबर जपून ठेवला होता. त्यावर एकदा खरोखरच सर्व्हेचा फोन आला. आम्ही सगळे मीटिंगला बसलेलो.

पलीकडून एक मुलगी. पहिला की दुसरा? वॉल्टर म्हणाला, तिसरा. ती म्हणाली, हा पर्याय माझ्याकडे नाही, 'माहीत नाही' असं लिहू का?

"मला पक्कं माहीत आहे!" वॉल्टर गरजला. "या खोलीत एवढं पक्कं कुणालाच काही माहीत नाही!"

आम्ही हसतोय, तोवर तो उठून बाहेर गेला. मीटिंग संपली तरी बाहेर पाइपच्या ढिगावर बसून बोलतच होता. आत आला तेव्हा जोगळेकरांनी विचारलं, "लिहिलं का तिने तिसऱ्याचं नाव?"

"नाही. 'माहीत नाही' असंच लिहिलं."

"मग एवढा वेळ काय बोलत होता?"

"काहीच नाही. ती आमच्या भागातली होती. 'रोड' हा शब्द आमच्यासारखा उच्चारत होती."

*

जोगळेकरांच्या बरण्यांचं वारं बालाजीला लागलं. त्याच्या गावात त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक. त्याच्या वॉर्डात दोन तालेवार उमेदवार आणि तिसरे रिटायर झालेले गुरुजी. बालाजी रोज जेवणाच्या सुट्टीत मामाच्या दुकानात फोन लावायचा. "मामा, हवा कुनाची?" मग दुकानातल्या एकेकाला विचारायचा.

"समदे गुरुजीच म्हनायलेत, मॅडम! गुरुजी आलेच म्हना!"

निकाल लागला. गुरुजींचं डिपॉझिट गेलं.

बालाजीने दोन दिवस मामाला फोनच लावला नाही. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला. मामाचा फोन स्पीकरवर असायचा, आणि गुरुजी रोज त्याच वेळी शेजारी चहा पीत बसलेले असायचे! तोंडावर कोण नाही म्हणणार?

आम्ही पोट धरून हसलो. बालाजीही हसला. मग म्हणाला, "तरी बरं होतं बगा. रोज फोन करायला निमित्त होतं. आता काय इचारू?"

*

हा किस्सा घरचा, पण त्याच दिवसांतला. आमच्या घरीही जेवताना पोल घ्यायची साथ आली होती. वर्ल्ड कप कोण जिंकणार? मिस्टरांनी एक देश सांगितला, मी दुसरा. लेक इथेच वाढलेली, इंग्लिश मीडियमची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच.

"इंडिया," ती म्हणाली.

"अगं, इंडिया फुटबॉलच्या वर्ल्ड कपला नसतेच. मत फुकट जाईल तुझं."

तिने वरणभात कालवता कालवता विचार केला. "सो? आय ॲम स्टिल फॉर इंडिया."

नाशिकहून आणलेली सगळी पुस्तकं, रोजची शुभंकरोती, सगळं करून जे जमलं नाही म्हणून मी झुरायची, ते त्या मुलीने इंग्लिशमध्ये सांगून टाकलं.

*

आता जोगळेकरांची स्वतःची निवडणूक! इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला दरवर्षी दोन गट लढायचे. एक नाटकवाले, एक जेवणवाले. वॉल्टरच्या नादाने जोगळेकर तिसरे उभे राहिले. घरोघर फोन करून आधी सर्व्हे घेतला. सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमच्याशिवाय आहेच कोण!"

पेट्या उघडल्या. जोगळेकर तिसरेच आले, आणि दुसऱ्याच्या आसपासही नाही.

परतताना गाडी वहिनी चालवत होत्या. जोगळेकर म्हणाले, "लोकांचं जाऊ दे. घरचं मत तरी पडलं."

वहिनी समोर बघत म्हणाल्या, "मी नाही दिलं तुम्हाला."

"काय?"

"शनिवारी तुमची साइट चालू. सुट्टीचा शुक्रवार तेवढा माझा. तुम्ही कांदा चिरता, मी पोळ्या लाटते, तेवढंच आपलं बोलणं होतं. अध्यक्ष झाला असतात तर तोही मंडळाला गेला असता. सबंध दोह्यात मी मराठीत भांडू तरी कुणाशी?"

रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात जोगळेकरांनीच आम्हाला हे सांगितलं. डोळे लाल होते.

"खूप लागलं का हो मनाला?" मी विचारलं.

"मनाला? छे! परवा शुक्रवारी दोन किलो कांदा चिरला!"

*

ऑक्टोबर सरत आला. पॅन्ट्रीतली तिसरी बरणी कुणाच्या लक्षात न येता उतरत चालली. कुणी कबूल करेना. पहिली फुगली, दुसरी फुगली, तिसरीचा तळ दिसायला लागला.

एकदा मी पॅन्ट्रीत शिरले तर आमची फिलिपिनो सेक्रेटरी ग्रेस तिसऱ्या बरणीत हात घालून उभी. मला बघून कानापर्यंत लाल झाली. दोन मुलं आईकडे ठेवून इथे आलेली ग्रेस. दिवसभर हसणारी.

"मॅडम, मला अजूनही तिसराच आवडतो."

"मग काढतेस कशाला?"

तिने टी-बॅग पहिल्या बरणीत टाकली. "बाकी सगळे तिकडे गेले. इथेसुद्धा एकटीच राहू का?"

*

निवडणूक झाली. जो यायचा तो आला. त्यावर दोन दिवस काथ्याकूट झाला आणि खलास, सगळे कामाला लागले.

वॉल्टर मात्र रोज दुपारी लॅपटॉपवर काहीतरी उघडून बघायचा. मी विचारलं तेव्हा कळलं, तो आपल्या गावाचा निकाल शोधतोय. उत्तरेकडचं, डोंगरातलं गाव. आपल्याकडच्या वाडीएवढं. तिथली मतं वेगळी मोजून जाहीर होतात.

"पण देशाचा निकाल लागला की!"

"माझा नाही लागला." मग तो ओशाळून हसला. "आमच्या गावात तिसऱ्याला दर वेळी एकच मत पडतं. माझं. पोस्टाने पाठवलेलं. तो एकचा आकडा दिसला की मला बरं वाटतं. म्हणजे मी अजून तिथला आहे."

"तिथे तुमचं कोण असतं?"

"आता भाऊच. जुन्या घरात राहतो. आई गेल्यावर त्या घरावरून वाजलं, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्याआधी दर निवडणुकीला मला शिव्या घालायचा. म्हणायचा, मत वाया घालवणारा गाढव!"

त्याच दुपारी निकाल आला. वॉल्टर ओरडला वगैरे नाही. नुसता उभा राहिला. उभा राहताना त्याची खुर्ची मागे पडली, म्हणून आमचं लक्ष गेलं. जोगळेकर, ग्रेस, बालाजी, मी, सगळे त्याच्या टेबलाशी जमलो. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

तिसऱ्याच्या नावापुढे आकडा होता, दोन.

जोगळेकरांनी पुढे वाकून आकडा पुन्हा वाचला. ग्रेसने खाली पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, पण तो बसला नाही.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?" त्याने विचारलं.

"सकाळ झाली असेल," मी म्हटलं. "उठले असतील लोक."

वॉल्टर फोन घेऊन खिडकीशी गेला. जुन्या घराचा नंबर शोधावा लागला नाही, तोंडपाठ होता. बराच वेळ रिंग वाजत राहिली असावी. बाहेर क्रेन फिरत होती, तिच्याकडे तो बघत होता. मग त्याची पाठ एकदम ताठ झाली. त्याने दोनदा घसा खाकरला.

"मी आहे," तो म्हणाला. आणि मग, "काय रे, बर्फ पडलं का तिकडे?"