डाव्या हाताची वीण

आमच्या नाशिकच्या घरी थंडीच्या दिवसांत दर गुरुवारी दुपारी बायका विणकाम घेऊन जमायच्या. सन तीस-पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. ओसरीवर जिथं ऊन यायचं तिथं आई सतरंजी अंथरायची. जिचं काही विणून पुरं झालं असेल ती ते पिशवीतून काढून मध्ये ठेवायची आणि मग ते या हातातून त्या हातात फिरायचं. बाळाचं टोपरं असो, मोजे असोत, नवऱ्याची बंडी असो, पहिला प्रश्न ठरलेला: "लोकर कुठली?"

डॉक्टरीणबाई मुंबईहून मागवलेली मऊ लोकर आणायच्या आणि सगळ्यांना ती गालाला लावून बघायला द्यायच्या. एक काकू खादीवाल्या होत्या, त्या विलायती लोकरीला हात लावत नसत. त्यांची धनगरांकडची काळी-करडी लोकर टोचायची, पण खरी ऊब हिलाच, असं त्या ठासून सांगायच्या. कुणी जुना स्वेटर उसवून, लोकर वाफेवर सरळ करून पुन्हा विणलेली असायची. ती बाई कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायची.

शेवटी वस्तू माझ्या आईच्या हातात यायची. आई ती आधी उलटी करायची आणि आतली बाजू उन्हाकडे धरून बघायची. "आतून स्वच्छ आहे," एवढं ती म्हणाली की त्या बाईचा चेहरा खुलायचा. आळीत आईइतकं चांगलं कुणी विणत नव्हतं आणि हे सगळ्यांना मान्य होतं.

अशा आईच्या मुलीला विणता येत नव्हतं. मी डावखुरी. जेवताना आणि पाटीवर लिहिताना उजवा हात वापरायचा हे मला मारून-मुटकून शिकवलं होतं, पण हातात सुया आल्या की उजवा हात लाकडासारखा व्हायचा. आई माझ्या शेजारी बसून दाखवायची. कधी पाठीमागे बसून माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरायची. चार टाके पडायचे, पाचवा सुटायचा आणि त्याच्या मागोमाग खालची ओळ उसवत जायची. दोन हिवाळे तिनं खटपट केली. मग एका दुपारी माझ्या हातातलं विणकाम काढून घेत ती म्हणाली, "राहू दे. तुझ्या हाताला नाही जमायचं हे." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्या समोरच्या घरात कचेरीतल्या एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं. त्यांची थोरली मुलगी माझ्याच वयाची. आमच्या घरात तिला सगळे 'समोरची' म्हणायचे. तिच्या पाठीवर चार भावंडं होती आणि तिच्या आईला मान वर करायला फुरसत नसे. एकदा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "काकू, मला याच्यासाठी टोपरं विणायचंय. शिकवाल?"

आईनं तिला शेजारी बसवलं. तासाभरात ती सुलट टाका घालायला लागली. चार दिवसांत उलट. आठ-पंधरा दिवसांत तर आई तिला जाळीची वीण दाखवत होती. "काय हात आहे पोरीचा," आई वडिलांना सांगायची, मला सांगायची, दूधवाल्यालासुद्धा सांगायची. समोरची आली की आईचा आवाज बदलायचा. दोघी डोक्याला डोकं लावून टाके मोजायच्या, मध्येच काहीतरी चुकायचं आणि दोघी हसायच्या. माझ्याबरोबर विणताना आई कधी हसली नव्हती. मी आतबाहेर करायची, तांब्या उगीच जोरात ठेवायची. आईनं वर पाहिलं तर ती एवढंच म्हणायची, "हळू."

त्या हिवाळ्यात आई मला टांग्यातून देवळालीला घेऊन गेली. तिथं छावणीच्या बाजारात एका बोहरी दुकानदाराकडे मडमांसाठी आणलेली लोकर मिळायची. त्यानं लाकडी खोक्यातून लड्या काढून पुढे मांडल्या. मी डाळिंबाच्या पानासारखी गर्द हिरवी निवडली. ती माझ्या स्वेटरसाठी होती. येताना सबंध वाट मी ती पुडी मांडीवर धरून बसले होते.

आठवड्यानं पाहते तर समोरचीच्या सुयांवर तोच हिरवा रंग. आईनं त्यातली एक लडी तिला गळपट्टा विणायला दिली होती.

"ती माझी लोकर आहे," मी म्हणाले.

"अगं, तिला पानांची नक्षी शिकवायचीय. जाड्याभरड्या लोकरीवर पानं उठून दिसत नाहीत," आई म्हणाली. "तुझ्या बाह्यांना शेवटी करडी पट्टी घालू. छान दिसेल."

पट्टी खरंच छान दिसली. सगळ्यांनी तसं म्हटलं. पण तो स्वेटर अंगात घातला की माझी नजर त्या करड्या मनगटांवर जायची आणि मला वाटायचं, उरलेला हिरवा तुकडा तिच्या गळ्यात आहे.

पुढच्या गुरुवारी तिनं तो गळपट्टा सतरंजीवर ठेवला. दोन्ही टोकांना पानांची वेल, प्रत्येक पान उजवीकडे झुकलेलं. डॉक्टरीणबाईंनी तो स्वतःच्या गळ्याला लावून बघितला. खादीवाल्या काकूंनीही लोकर विलायती आहे हे विसरून तो हातात घेतला. कुणीतरी म्हणालं, "तुमचीच लेक शोभते हो ही." आई नुसती हसली. मी खांबाला टेकून बसले होते. 

त्या दिवसापासून मी तिच्यावरची नजर काढीनाशी झाले. आई आणि ती भिंतीला पाठ लावून शेजारी बसायच्या, मी समोर खांबापाशी. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं असायचं आणि डोळे तिच्या बोटांवर. तिचा कुठंतरी टाका सुटावा, एवढीच माझी इच्छा होती. तो सुटत नव्हता. सुई आत जायची, धागा वळसा घ्यायचा, टाका पलीकडे उतरायचा. पुन्हा आत, पुन्हा वळसा. मला त्याची इतकी सवय झाली की डोळे मिटले तरी तेच दिसायचं.

एका दुपारी आई गंगेवर, गोदेच्या घाटावर, गेली होती. मी तिच्या टोपलीतून उरल्यासुरल्या लोकरीचे तुकडे घेतले, सुयांऐवजी सायकलच्या दोन तारा शोधल्या आणि माडीवर जाऊन बसले. समोरचीचे हात डोळ्यांपुढे आणले आणि जसे दिसत होते तसेच माझे हलवले. टाका पडला. दुसरा पडला. एक ओळ पुरी झाली, मी वळले, दुसरी सुरू केली. काही सुटलं नाही.

काय झालं ते कळायला मला थोडा वेळ लागला. आई नेहमी शेजारी नाहीतर पाठीमागे बसून शिकवायची, म्हणजे तिचा उजवा तो माझाही उजवा. समोरून बघताना तिचा उजवा हात माझ्या डावीकडे येत होता. आरशात बघावं तसं मी सगळं डाव्या हातानं उचललं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. थंडी संपत आली तोवर माझी एक पट्टी तयार झाली, अनेक रंगांच्या तुकड्यांची, टोकाला पानं असलेली. शेवटच्या गुरुवारी मी ती सतरंजीवर ठेवली आणि खांबापाशी जाऊन बसले.

"ही कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पानं चुकलीत हिची. डावीकडे झुकलीयत."

पट्टी आईकडे गेली. आईनं उलटी केली, उन्हाकडे धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकली नाहीत. डाव्या हाताची आहेत. तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. हे सांगायला मी किती दिवस थांबले होते.

तेवढ्यात समोरची म्हणाली, "माझे हात बघून बघून शिकली ती, काकू. समोर बसायची ना रोज. मला कळलं होतं, म्हणून मी पानांच्या ओळी सावकाश विणायचे. तिला नीट दिसावं म्हणून हात जरा वर धरायचे."

तिच्या आवाजात मोठेपणा नव्हता. कुणी पाणी दिलं असं सांगावं तसं तिनं सांगितलं. बायका हसल्या, "बघा किती गुणाची," असं म्हणाल्या. आईनं पट्टी मांडीवर ठेवली आणि समोरचीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या. ती वीण मी तिच्यापासून चोरली होती याचा मला आनंद होता. तो आनंद गेला. आता तीही तिनं मला दिलेली झाली.

दुसऱ्या दिवसापासून आई मला समोर बसवून शिकवू लागली. माझा हात भराभर चालायला लागला. पण आईच्या शेजारची जागा समोरचीचीच राहिली. कारण शिकवायला आईला माझ्यापासून दूर, समोरच बसावं लागायचं.

पुढे तिचं लग्न ठरलं, विंचूरला. सासरी कांद्याची मोठी शेती, माणसांचा राबता. जाताना आईनं तिला आपल्या हस्तिदंती रंगाच्या सुया दिल्या. त्या मला मिळतील असं मी धरून चालले होते. ती गेल्यावर आई रिकाम्या वेळी माझं विणकाम बघायची, "छान झालंय" म्हणायची, आणि मग समोरच्या दाराकडे बघायची.

ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आधी आमच्या घरी आली, मग स्वतःच्या. आईनं तिचे हात हातात घेतले आणि उलटे केले. तळवे कांद्याच्या सालींनी काळवंडलेले, बोटांना भेगा. "सुया कपाटात आहेत, काकू," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, बसून करायची कामं म्हातारपणी करावीत." आईनं लोकरीची टोपली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एक गुंडा उचलून गालाला लावला. भेगांत लोकरीचे धागे अडकले, ते ती एकेक करून सोडवत बसली. आईच्या डोळ्यांना धार लागली.

आईला मी माझ्यासाठी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं, समोरचीसाठी खरोखर वाईट वाटत होतं, आणि तरी त्या अश्रूंचा मला हेवा वाटला. मी चहा टाकायला आत गेले.

त्या वर्षी आईनं तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. आईच्या डोळ्यांना आता त्रास व्हायचा, म्हणून पाठीचा भाग मला विणायला सांगितला. मी विणला. आतून स्वच्छ, एक टाका इकडचा तिकडे नाही. गुरुवारी तो सतरंजीवरून फिरला तेव्हा लोकर कुठली ते सगळ्यांनी विचारलं. पुढचं कुणाचं, मागचं कुणाचं, ते कुणालाच ओळखता आलं नाही.

"पाठ हिनं विणलीय," आई म्हणाली आणि स्वेटरची घडी घातली. मग जरा थांबून म्हणाली, "तिला बसेल ना नीट? वाळलीय पोर."