कालव्याच्या रस्त्यावरची तीसची पाटी

ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तिच्यात ना चाकू होता ना मुडदा. तिरुवैयारुजवळच्या एका पोलीस स्टेशनला मी निरीक्षक होतो. रस्ते विभागाचे इंजिनिअर फिर्याद घेऊन आले. शाळेजवळच्या वळणावर कोणीतरी वेगमर्यादेची खोटी पाटी लावली होती. रस्त्याची मर्यादा साठ, पाटीवर तीस.

"बस, व्हॅन, सगळे तीसने जातात सार. सरकारी हुकूम नसताना," ते म्हणाले.

पंचनाम्याला गेलो. पाटी गोल, पांढरी, लाल कडेची. इतकी नेटकी, की माझ्या ड्रायव्हरनेही जीप हळू केली. समोरच्या चहावाल्याला विचारलं, कोणी लावली?

"सरकारनेच असेल असं वाटलं सार. पण काम चांगलं होतं, म्हणून जरा शंका आली."

हेड कॉन्स्टेबलने पाटी उतरवून उलटी केली. मधोमध दोन बुजवलेली भोकं होती.

"सार, इथे मूठ होती. हे मोठ्या तपेल्याचं झाकण आहे."

शाळा शंभर पावलांवर. दुपारच्या जेवणाचा भात शिजत होता. तपेल्यावर केळीची पानं आणि वर एक पाट. स्वयंपाकीणबाई पन्नाशीच्या.

"अक्का, याचं झाकण कुठंय?"

"तुमच्या हातात," त्या सांबार ढवळत म्हणाल्या.

जबाब त्यांनी सरळ दिला. रस्ता नवा, गुळगुळीत झाला आणि त्या वळणावर दोन मुलांचे पाय मोडले. एका बाजूला कालवा, मुलांनी सरायचं कुठे? "गोल आयता होता. आकडा तेवढा काढला."

"तीसच का?"

"टाउन बसच्या ड्रायव्हरला विचारलं, मूल आडवं आलं तर किती वेगाला गाडी आवरते. तीस म्हणाला."

"सरकारी झाकण आहे अक्का. नोकरी जाईल."

"ठाऊक आहे."

"आधी अर्ज द्यायचा होता."

त्यांनी मसाल्याच्या डब्यामागून तीन पोच काढल्या. तिन्हींवर आमच्या स्टेशनचा शिक्का, 'योग्य कार्यवाहीसाठी रवाना' हा शेरा आणि खाली माझी सही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या सहीचा मला फार अभिमान. त्या दिवशी ती बघवेना.

स्टेशनात अपघातांची नोंदवही काढली. पाटीआधी त्या वळणाच्या नोंदी पानोपानी. पाटी लागल्यापासून एकही नाही. नोंदवहीच्या नकला आणि त्या तीन पोच जोडून जिल्हाधिकाऱ्यांना अहवाल लिहिला. इंजिनिअरनी नकला वाचल्या, फिर्याद मागे घेतली आणि अहवालाखाली स्वतःही सही केली. हुकूम येईपर्यंत वळणावर आमचे बॅरिकेड उभे राहिले. मग सरकारी पाटी लागली, तीसचीच. झाकण मी पावती करून शाळेला परत दिलं. अक्कांची नोकरी राहिली.

अर्ज पुढे पाठवला म्हणजे काम झालं, हा माझा समज त्या आठवी शिकलेल्या बाईंनी मोडला. त्यानंतर शेरा मारण्याआधी मी जागेवर जाऊन उभा राहू लागलो.

मी निवृत्त झालो, अक्काही आता निवृत्त आहेत. झाकण काथ्याने किती घासलं, पण रंग पुरता निघाला नाही. मुलं ताटं घेऊन रांगेत उभी राहतात तेव्हा त्यावरचा तीस अजून वाचता येतो.