निळी राहिलेली नळी

उसाचं पान तोडलं की ते मरायला लागतं, आणि मला ते जिवंत हवं असतं. बारामतीच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते: पानातली विकरं आणि हरितलवकं किती जोमानं काम करतात ते मोजायचं. त्या दिवशी मात्र पानं आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या रानातली होती.

पळसदेवला आमचं रान उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. पाण्याची ददात नाही, हेच वाईट. सरीच्या वरंब्यांवर पांढरी पापुद्री दिसायला लागली होती. फार पाणी दिलं की जमिनीतलं मीठ वर येतं आणि रान कायमचं हातचं जातं, हे सांगून माझी जीभ झिजली. आबांचं उत्तर ठरलेलं. "ऊस पाण्यावर जगतो, तुझ्या काचेच्या नळ्यांवर न्हाय. पान बघ की, कसं हिरवंगार हाय."

म्हटलं, मग पानालाच विचारू. पानांवरची कुसं टोचून घेत आबांच्या रानातली पानं तोडली, चुलत्यांच्या बेताच्या पाण्यावरच्या माळावरची तोडली, आणि मासेवाल्याकडून बर्फ मागून सगळी एकाच खोक्यात भरली. बारामतीत खोकं उघडलं तर चिलापी माशाचा घमघमाट. "आज काय बेत?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. मी हसले. त्या दिवशी हसले ती तेवढीच.

पानं गार खलात वाटली, गाळली, हरितलवकं वेगळी केली. त्यांत निळा रंग मिसळून नळ्या दिव्यासमोर ठेवल्या. हरितलवकं काम करत असतील तर निळा रंग उडून जातो. चुलत्यांची नळी बघता बघता फिकट हिरवी झाली. आबांची निळी ती निळीच.

रंग जुना असेल, बर्फात काही असेल, नाही नाही त्या शंका काढल्या. पण दोन्ही नळ्यांना रंग तोच, बर्फ तोच, हातही माझेच. पानं पुन्हा वाटली, नळी पुन्हा निळीच. टेबलावर आबांचं उरलेलं पान हिरवंगार पडलं होतं. मला त्या हिरवेपणाची भीती वाटली.

फोन लावला. "आबा, रान खारावलंय. आतापासून पाणी बंद ठेवा."

"आता गं?" त्यांच्यामागं पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती. "तू एवढी पानं वरबाडलीस, म्हणलं ऊस दुखावला आसंल. तू गेल्यापास्नं पाणी सोडलंय. अर्धं रान भिजलं बी."