आमच्याकडचा पहिला नकार

आमचं घराणं मूळचं निपाणीकडचं. मल्लेश्वरममध्ये मात्र ही तिसरी पिढी. एवढ्या वर्षांत आमच्या मराठीत कानडी कधी येऊन बसली ते कळलंच नाही, आणि शब्दांपेक्षा जास्त ती आमच्या नकारात शिरली. शेजारपाजारचे 'अल्ला' आणि 'इल्ला' वेगळे ठेवतात, म्हणून आम्हीही 'नव्हे' आणि 'नाही' वेगळे जपले. ही साखर नव्हे, मीठ. आणि घरात साखर नाही. माझी सून पुण्याची. ती दोन्हीकडे 'नाहीये' लावून मोकळी होते. मी विचारते, "तुमच्या पुण्यात 'नव्हे' काय विकून खाल्लंत?" ती म्हणते, "आई, तुम्ही जुन्या नाटकातल्यासारखं बोलता."

पण खरी गंमत 'नको'ची. शेजारच्या अक्का उप्पिट्टाची ताटली घेऊन येतात. मी म्हणते, "बेड अक्का, आत्ताच खाणं झालं." कानडीतलं 'बेड' म्हणजे आपलं 'नको'च. अक्का ताटली ठेवतात, मी पुन्हा "बेड, बेड" म्हणते, आणि म्हणता म्हणता चमचा शोधते. पहिला नकार धरायचा नाही, अशी दोन्ही घरांची रीत. लगेच हो म्हणणारा हावरट. 'बेड'च्या शेजारी राहून आमचं 'नको' इतकं मऊ झालंय, की त्याचा अर्थ जवळजवळ 'अजून एकदा विचारा' असाच.

सून नवीन होती तेव्हा ती नको म्हणायची, मी वाढत राहायचे, आणि ताटात टाकायचं नाही म्हणून ती बिचारी खात राहायची. शेवटी मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, ती नको म्हणते तेव्हा तिला खरंच नको असतं." मला हे फार रुक्ष वाटलं, पण मी ऐकलं. मात्र तो नियम तिच्या 'नको'चा. माझ्या 'नको'ला तो कुणी लावेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

गेल्या वर्षी दोघांनी देवनहळ्ळीला फ्लॅट घेतला, मुलाचं ऑफिस तिकडे म्हणून. एका रविवारी जेवताना सुनेनं विचारलं, "आई, तुम्ही येणार ना आमच्याबरोबर?" माझ्या मनात उकळ्या फुटल्या. यजमान गेल्यापासून या घरात एकटीनं राहायच्या कल्पनेनंच मला धडकी भरायची. पण रीत ती रीत. मी म्हटलं, "मला नको बाई. माझं इथेच बरंय."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं आमटी वाढून घेतली.

मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. सामानाची खोकी आली. मी स्वयंपाकघरात मुद्दाम मोठ्यानं सुस्कारे टाकले, तर सून म्हणाली, "आई, ॲसिडिटीची गोळी देऊ?" मुलगा याच घरात वाढलेला, पण ऑफिसातल्या इंग्रजीत राहून त्याचीही समज गेलेली. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या उडाल्याच. "मत्ते केळलिल्वा?" पुन्हा कुणी विचारलंच नाही, यावर त्यांचा विश्वास बसेना.

टेम्पो यायच्या आदल्या दुपारी सून भांडी वेगळी करत होती. मोठा कुकर तिनं खोक्यात घातला आणि एकटीपुरता छोटा कुकर माझ्यासाठी ओट्यावर ठेवला. तो बघून माझी रीतबीत सगळी गळून पडली.

"मला यायचंय तुमच्याबरोबर," मी म्हटलं. आवाज इतका रडवेला निघाला की माझी मलाच लाज वाटली.

ती वळली. "मग तेव्हा नको का म्हणालात?"

"अगं, पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. तू पुन्हा विचारायचंस."

मला वाटलं, आता ती हसेल, आणि मग आयुष्यभर मला यावरून चिडवेल. पण ती तिथेच जमिनीवर बसली.

"रोज विचारायला यायचे तुमच्या खोलीपर्यंत," ती म्हणाली. "धीर नाही झाला. मला वाटलं, तुम्हाला मीच नको आहे."